जसपालचा जुडा

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी ईशर सिंग आपल्या दोन लेकरांना घेऊन अकोल्याला आला. धाकटा तेजा नऊ वर्षांचा होता. त्याच्या डोक्यावर कानापर्यंत ओढलेली टोपी असायची आणि ती तो झोपतानाही काढत नसे. थोरली सतवंत पंधराव्यात होती. त्यांची आई फाळणीच्या काफिल्यात वाटेवरच पटकीनं गेली होती. जठारपेठेत ईशर सिंगचा मेहुणा ट्रकच्या टायरांचं काम करायचा. त्याच्याच खोलीमागे या तिघांनी संसार मांडला.

नळावर पाणी भरायला सतवंत जायची. तिथं मैनाबाई भेटली. मैनाबाईच्या घरची शेती गावाकडे होती, पोरांच्या शाळेसाठी ती शहरात राहायची. तोंडाची फटकळ, पण मनात काही ठेवायची नाही. चार दिवस तिनं टोपीवाल्या पोराकडे पाहिलं आणि पाचव्या दिवशी विचारलंच.

"पोट्ट्याच्या डोक्शात काय हाय वं? खरूज झाली का त्याले?"

सतवंतला वऱ्हाडी कळत नव्हती, पण मैनाबाईचा हात डोक्याकडे गेलेला दिसला. मोडक्यातोडक्या हिंदीत तिनं सांगितलं, त्याचे केस कापलेत.

"मंग? केस तं सारेच कापतात."

आता पुढे काय सांगायचं, हे सतवंतला समजेना. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. पंजाबातल्या शेखुपुऱ्याकडच्या त्यांच्या गावावर हल्ला होणार असं कळलं, तेव्हा शेजारच्या मुसलमान घरातल्या आजीनं दोन्ही मुलांना आपल्या घरात घेतलं होतं. सतवंतला तिनं आपल्या नातीचे कपडे घातले. तेजाचं काय करणार? त्याच्या डोक्यावरचा केसांचा जुडा पाहिला की आंधळ्यालाही कळलं असतं तो कोणाचा. ईशर सिंगनं मेंढ्यांची लोकर काढायची कात्री आणली आणि स्वतःच्या हातांनी मुलाचे केस कापले, मग बायकोला घेऊन तो शेतात लपला. नंतर तलवारी घेऊन माणसं दारात आली. त्यांनी कंदील उचलून तेजाचं डोकं पाहिलं आणि निघून गेली. पोरगा वाचला. पण त्या दिवसापासून ईशर सिंग गुरुद्वारात गेला की चपला काढायच्या जागेजवळच बसायचा, आत जायचा नाही.

यातलं थोडं सतवंतनं सांगितलं, थोडं गिळलं. केस ही देवाची देणगी असते, आम्ही त्याला कात्री लावत नाही, एवढं मात्र तिनं नीट सांगितलं. मैनाबाई घागर तशीच नळाखाली ठेवून ऐकत राहिली. पाणी वाहून चाललं तरी तिचं लक्ष नव्हतं.

"आमच्या सासऱ्याच्या पागोट्याले कोनी हात लावला तं कुऱ्हाड निघे," ती म्हणाली. "तसंच समज ना. वाढतीन वं त्याचे केस. तेल लावत जाय."

मैनाबाईनं नळावरच्या साऱ्या बायकांना ते आपल्या भाषेत समजावलं. पुन्हा कोणी विचारलं नाही. तेजाचे केस वाढले, टोपी गेली, जुड्यावर बांधायचा पटका आला. सतवंतही वऱ्हाडी बोलायला लागली, मले-तुले करायला लागली. पण दारावर कोणी जोरात थाप मारली की तिच्या हातातलं भांडं अजून खाली पडायचं. ते काही गेलं नाही.

अठराव्या वर्षी तिचं लग्न अमरावतीच्या हरदित सिंगशी झालं. हरदित अमरावती ते नागपूर मोटार चालवायचा. उंच, हसरा, आणि पगडी बांधण्याचा मोठा शौकीन. सकाळी पगडीचं एक टोक तो सतवंतच्या हातात द्यायचा आणि दुसरं स्वतः धरून कापड ताणायचा. राजापेठेतल्या त्या दोन खोल्यांत ते कापड या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पुरायचं. तिवस्याच्या थांब्यावर चहावाला त्याच्या पगडीचा रंग पाहून वार सांगायचा म्हणे. प्रीतम झाली, चार वर्षांनी जसपाल झाला. सतवंतच्या आयुष्यातली ती सगळ्यात निवांत वर्षं.

मग हरदितच्या एका चुलतभावाचं इंग्लंडहून बोलावणं आलं. तिथं कारखान्यांना माणसं हवी होती. हरदितनं फार विचार केला नाही. एकोणसाठ सालच्या हिवाळ्यात तो गेला आणि सतवंत मुलांना घेऊन अकोल्याला बापाकडे आली.

पत्रं यायची. सगळं ठीक आहे, बसवर काम लागलंय, थंडी फार आहे, मुलांना जपा. पैसेही यायचे. सतवंतला वाटलं, चार वर्षं काढायची, मग तो येईल नाहीतर आपण जाऊ. एकदा हरदितचा जुना जोडीदार शालिकराम मोटार घेऊन अकोल्याला आला आणि मुलांसाठी संत्री घेऊन घरी डोकावला. बोलता बोलता सहज म्हणाला की पेपरात आलं होतं, तिकडे पगडीवाल्यांना बसवर कामाला घेत नाहीत. टोपी घाला, नाहीतर घरी जा, म्हणतात. "हरदितभाई तं बसवरच हाय न? त्यानं कसं जमवलं बाप्पा?"

शालिकराम चहा पिऊन गेला. सतवंतनं जुनी पत्रं पुन्हा काढून वाचली. त्यानंतरची पत्रं ती वेगळ्या नजरेनं वाचू लागली. हरदितनं एकही फोटो पाठवला नव्हता, हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं. विचारावं असं रोज वाटायचं. पण विचारलं आणि त्यानं खरं लिहिलं, तर ते पत्र बापासमोर वाचावं लागणार. ईशर सिंग खाटेवर बसून प्रत्येक पत्र ऐकायचा. तिनं विचारलं नाही. कंगव्यानं जसपालचे केस विंचरताना तिचा हात मधेच थांबायचा आणि पोरगा मान वळवून पाहायचा. मैनाबाईनं एकदा विचारलं, काय वं, तब्येत बरी नाई का? सतवंतनं उन्हाचं कारण सांगितलं.

त्रेसष्ट साली हरदितनं बोटीची तिकिटं पाठवली.

बोटीवरचे ते दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. धक्क्यावर उतरली तेव्हा बारीक पाऊस होता आणि गर्दीत ती पगडी शोधत होती. पगडी कुठे दिसेना. करड्या टोपीतला, तुळतुळीत दाढी केलेला एक माणूस जवळ येऊन उभा राहिला आणि त्यानं तिचं नाव घेतलं, तेव्हा ती दोन पावलं मागे सरकली. आवाज हरदितचा होता. जसपाल आईच्या ओढणीत शिरला. हरदितनं त्याला उचलायला हात पुढे केले, तर पोरगा रडायला लागला. सात वर्षांचा घोडा, पण असा रडला की लोक वळून पाहू लागले.

बर्मिंगहॅमजवळच्या एका कारखान्यांच्या गावात हरदितच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. तिथं पोचल्यावर त्यानं स्वतःच सांगितलं. पगडी घालून तो कारखान्यांच्या दारोदार फिरला होता. कोणी हसलं, कोणी दार लावून घेतलं. घरमालकानं भाडं थकलं म्हणून सामान बाहेर ठेवलं. मग एके दिवशी तो न्हाव्याकडे जाऊन बसला. कापलेले केस त्यानं पगडीच्या कापडात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवले होते.

"तेव्हा कुठे बसवर कंडक्टर झालो," तो म्हणाला. "पगार चांगला आहे. केसांचं तुला मी पत्रात लिहू शकलो नाही."

सतवंतला राग आला नाही. तिला ईशर सिंगचे हात आठवले, लोकरीच्या कात्रीवरचे. पण जी भीती ती अकोल्याहून घेऊन निघाली होती ती आता जसपालकडे वळली. बाप असा, आजूबाजूला सारे असे, मग पोराचं काय होणार?

तिला फार वाट पाहावी लागली नाही. जसपाल शाळेत जाऊ लागला आणि काही आठवड्यांतच त्याचा पटका रोज सुटून येऊ लागला. आधी तो म्हणायचा, खेळताना सुटला. मग काहीच म्हणेना. एक दिवस कानामागे ओरखडा होता. कोणीतरी जुडा धरून त्याला भिंतीपर्यंत ओढलं होतं. सकाळी तो शाळेच्या कोपऱ्यावर वळेपर्यंत सतवंत खिडकीत उभी राहायची आणि दुपारी पुन्हा तो दिसेपर्यंत. मधला वेळ ती कामं करायची, पण काय केलं ते संध्याकाळी आठवायचं नाही.

मग शाळेतून चिठ्ठी आली. प्रीतम अकोल्यात मिशनच्या शाळेत होती, तिला इंग्रजी वाचता यायचं. तिनं वाचून दाखवलं. मुलांची तपासणी करणाऱ्या नर्सबाईंनी जसपालचे केस फार लांब असल्याचं लिहिलं होतं. अशा केसांत उवा होतात, इतर मुलांना त्रास होईल. आठवडा संपेपर्यंत ते कापून आणावेत, नाहीतर मुलाला घरी ठेवावं.

हरदितनं चिठ्ठी घडी करून टेबलावर ठेवली. मग तो हळूच म्हणाला, "कापून टाकू. पोराला रोज मार बसतोय. तुझ्या बापानं नव्हते कापले तेजाचे?"

आपण हे कोणाकडून तरी कधीतरी ऐकणार, हे सतवंतला ठाऊक होतं. नवऱ्याकडून ऐकेल असं वाटलं नव्हतं.

"कापले," ती म्हणाली. "तेव्हा दारात माणसं उभी होती, तलवारी घेऊन. इथं दारात कोण उभं आहे, सांगा मला. एक चिठ्ठी आहे."

बोलणं तिनं पुरं केलं खरं, पण नंतर मोरीत जाऊन तिनं नळ सोडला आणि हात कितीतरी वेळ पाण्याखाली धरून ठेवले. चिठ्ठीमागे कोण आहे, ते काय करू शकतात, पोराला काढून टाकतील, नवऱ्याची नोकरी जाईल, की पोलीस येतील, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. माहीत नसलेल्याचीच भीती मोठी.

दुसऱ्या दिवशी तिनं जसपालला न्हाऊ घातलं. अकोल्याहून आणलेला रिठा अजून शिल्लक होता. केस वाळवले, तिळाचं तेल लावलं, जुडा बांधला. मग आपली पांढरी ओढणी आणि लाकडी कंगा पिशवीत घातला आणि दोन्ही मुलांना घेऊन शाळेत गेली. हरदित कामावर होता. त्याला तिनं सांगितलं नव्हतं.

मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत नर्सबाईही होत्या. सतवंतनं बोटीवर पाठ केलेली पाच-सहा इंग्रजी वाक्यं कुठल्या कुठे गेली. तिनं टेबलाकडे बोट दाखवलं, बाईंनी कागद बाजूला केले, आणि तिनं त्यावर पांढरी ओढणी अंथरली. जसपालला टेबलापाशी उभं करून मान वाकवायला लावली. जुडा सोडला. केस ओढणीवर पसरले. मग कंग्यानं, मुळापासून टोकापर्यंत, एकेक बट घेऊन ती विंचरत गेली. खोलीत फक्त कंग्याचा आवाज. काही पडलं तर पांढऱ्यावर दिसेल, एवढंच तिला सांगायचं होतं. आपल्या पोराच्या डोक्यात काही नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी प्रत्येक बटेला ती ओढणीकडे पाहून घ्यायची. काल शाळेतून आला असेल एखादी ऊ घेऊन, तर?

नर्सबाई उठून जवळ आल्या. चष्मा नाकावर घेऊन त्यांनी ओढणीवर पाहिलं, मग केस हातात घेऊन पाहिले. त्यांनी काहीतरी विचारलं. प्रीतमनं सांगितलं, त्या विचारतायत हे रोज करता का?

"दोनदा, म्हण. सकाळी आणि रात्री. कंगा त्याच्यासाठीच असतो. तो आमच्या धर्मातच सांगितलाय, केसांबरोबर."

मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, मग कापत का नाही? सतवंतनं सांगितलं ते जठारपेठेतल्या नळावर सांगितलं होतं तेच. अकरा वर्षांच्या प्रीतमनं ते आपल्या परीनं इंग्रजीत केलं. बाईंनी ऐकून घेतलं, पण हो म्हणाल्या नाहीत. वरच्या लोकांना विचारावं लागेल, तोवर मुलाला येऊ दे, म्हणाल्या. बाहेर पडताना सतवंतनं पाहिलं, खोलीच्या काचेला नाकं लावून मुलं उभी होती. जसपालचे मोकळे केस साऱ्यांनी पाहिले होते.

घरी येईपर्यंत जसपाल बोलला नाही. दारात मात्र म्हणाला, "पुन्हा माझ्या शाळेत येऊ नकोस." त्या रात्री तो जेवला नाही. आपण पोराला वाचवायला गेलो की आणखी उघडं पाडायला, हे सतवंतला ठरवता येईना.

वरच्या लोकांचं उत्तर यायला बराच काळ लागला. रोज पोस्टमनची चाहूल लागली की ती जिन्यावर थबकायची. शेवटी परवानगी आली, केस स्वच्छ आणि बांधलेले असावेत या अटीवर. पण जुडा ओढणं थांबलं नव्हतं. तेव्हा नर्सबाईंनीच सुचवलं की सतवंतनं वर्गात येऊन मुलांना दाखवावं, सांगावं. कळलं तर ओढणार नाहीत. सतवंतला नको होतं. जसपाल तर पांढराफटक पडला. पण नाही म्हणायची तिची हिंमत झाली नाही. परवानगी देणाऱ्यांना नाही कसं म्हणणार?

वर्गात ती हरदितची जुनी पगडी घेऊन गेली. एक टोक प्रीतमच्या हाती दिलं, कापड ताणलं, घडी घातली, आणि वर्गातल्याच एका मुलाच्या डोक्यावर बांधून दाखवली. मुलं हसली, मग पुढं सरकून पाहू लागली. हातातला लोखंडी कडा कशाला, कंगा कशाला, केस कशाला, हे प्रीतम सांगत होती. मागच्या बाकावरच्या एका मुलानं हात वर केला. प्रश्न सतवंतला पूर्ण कळला नाही, पण 'फादर' हा शब्द कळला, आणि प्रीतम एकदम थांबली तेही कळलं. त्या मुलानं बसवर जसपालच्या वडिलांना पाहिलं होतं. त्यांचे केस का नाहीत, असं तो विचारत होता.

वर्गाच्या बाई काही बोलणार एवढ्यात जसपाल उभा राहिला. त्याचा आवाज चिरकत होता.

"ते पुन्हा वाढवतायत," तो म्हणाला.

घरी येताना वाटभर सतवंत विचार करत राहिली, हे हरदितला सांगायचं कसं. सांगायची वेळ आलीच नाही. संध्याकाळी हरदित बूट काढत असताना जसपाल त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, मी आज शाळेत तुमच्याबद्दल खोटं बोललो. काय बोललो तेही त्यानं सांगितलं. हरदितनं दुसरा बूट काढला, दोन्ही भिंतीशी नीट लावून ठेवले आणि आत गेला. सतवंतला वाटलं, आता मारतो की काय. सकाळी मोरीत वस्तऱ्याचा आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही.

दाढीची खुंटं दिसू लागली तसं डेपोतून बोलावणं आलं. दाढी चालेल, म्हणाले, पण डोक्याला टोपीच. हरदितचे केस पटक्यात मावण्याएवढे झाले तेव्हा तो पटका बांधून कामावर गेला आणि दुपारीच घरी परतला. नोकरी गेली होती. पुढे त्याला एका ओतकाम कारखान्यात भट्टीवर काम मिळालं, जिथं कोणाला कोणाच्या डोक्याशी घेणं नव्हतं. पगार कमी होता. हातांवर ठिणग्यांचे डाग पडले. सतवंतनं शिवणकाम घेतलं.

पगडी दाखवायला तिला एकामागून एक शाळांतून बोलावणी येऊ लागली. प्रत्येक वेळी आदल्या रात्री ती पगडी उलगडून पुन्हा घडी घालायची. दर खेपेला कोणीतरी हसायचं, आणि दर खेपेला कोणीतरी नीट विचारायचंही. एक मुलगी एकदा म्हणाली, विंचरताना दुखतं का? सतवंत म्हणाली, गाठ असली तर दुखतं. ते उत्तर तिनं स्वतः इंग्रजीत दिलं. पुढं पुढं त्या गावच्या भिंतींवर, काळ्यांनो परत जा, असं लिहिलेलं दिसू लागलं. एका संध्याकाळी त्यांच्या पुढच्या खोलीच्या काचेतून वीट आत आली. त्यानंतर कितीतरी दिवस सगळे मागच्या खोलीत झोपले. काच बदलली, पण सतवंतनं खाट तिथं पुन्हा लावली नाही. हरदित म्हणाला, परत जायचं का? ती म्हणाली, मला माहीत नाही.

अडुसष्ट साली ईशर सिंग आजारी असल्याची तार आली, तेव्हा ती जसपालला घेऊन अकोल्याला आली. बाप अंथरुणाला खिळला होता, पण माणसं ओळखत होता. त्यानं नातवाला जवळ बसवून घेतलं आणि किती तरी वेळ त्याच्या पटक्यावरून हात फिरवत राहिला. तेजा आता टायरांचं दुकान सांभाळत होता.

मैनाबाईचे केस पिकले होते. तिनं सतवंतला आपल्या घरी नेलं, भाकर-पिठलं वाढलं आणि तिकडचं सारं विचारून घेतलं. विटेचं ऐकल्यावर तिनं ओसरीत चटई अंथरली. म्हणाली, "झोप जराशी. डोये पाह्य तुये, कसे झाले."

मैनाबाईच्या ओसरीत चटईवर सतवंत आडवी झाली आणि कितीतरी वर्षांनी तिला भरदुपारी गाढ झोप लागली.

बाहेर पोरं ओरडली. त्या ओरडण्यात जसपालचा आवाज होता. सतवंत दारात पोचली, चौकटीला धरून उभी राहिली, तेव्हा कुठे तिला जाग आली. रस्त्यावर विटीदांडू चालला होता. पळता पळता जसपालचा पटका सुटला होता आणि डाव थांबवून तो तिथंच रस्त्यात उभा राहून तो बांधत होता. मैनाबाईच्या नातवानं दांडू काखेत मारला होता आणि पटक्याचं दुसरं टोक ताणून धरलं होतं.

"लवकर बांध ना बे," तो म्हणत होता. "तुहाच डाव हाय."

सतवंत दारातच उभी राहिली. डाव पुन्हा सुरू झाला तरी चौकटीवरचा हात तिनं काढला नाही.